बाभळीवरची खरखरीत खपली: गोड्या पाण्यातले स्पंज आणि प्राण्यांची सुरुवात

गिरणाकाठ

मार्च उलटून आवर्तनं सुटायला लागली की धरणाचं पाणी झपाट्यानं उतरतं आणि बुडीत क्षेत्रातल्या जुन्या बाभळींची खोडं उघडी पडतात. त्या खोडांवर, तसंच केटी वेअरच्या (कोल्हापुरी बंधाऱ्याच्या) खालच्या अंगाला दगडांच्या पोटाशी, राखाडी-पिवळसर खपली दिसते. जाडी अर्ध्या ते एक सेंटीमीटरची, शिळ्या पावासारखी भोकाभोकांची. बोटात धरली की चुरा होतो आणि त्या चुऱ्यात खसखशीपेक्षा बारीक, तपकिरी, गोल दाणे निघतात. बहुतेक दाणे खपलीच्या तळाशी, लाकडाला लागून थरानं बसलेले असतात. हाताला बराच वेळ खाज राहते. त्याच खोडाचा जो भाग अजून पाण्यात आहे तिथं हेच प्रकरण हिरवट, मऊ आणि उग्र वासाचं असतं.

पाण्यावरची मंडळी 'हाई शेवाय शे' म्हणून सोडून देतात, काही जण माशांची अंडी म्हणतात. मला हा स्पंज वाटतोय. जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. खात्री कशी करायची? त्या दाण्यांतून घरी स्पंज उगवता येईल का? आणि 'स्पंज म्हणजे पहिले प्राणी' हे पुस्तकातलं वाक्य आज कितपत टिकतं?

सूक्ष्मदर्शी

स्पंजच आहे, आणि प्राणी आहे. स्पाँजिलिडी हे त्याचं कूळ. स्पंजांच्या नऊ हजारांहून जास्त जाती नोंदलेल्या आहेत, पण गोड्या पाण्यातल्या त्यातल्या दोनशे-अडीचशेच. आपल्या भागातल्या गोड्या पाण्यातल्या स्पंजांचा अभ्यास फार जुना आहे. मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेले डॉक्टर हेन्री जॉन कार्टर यांनी मुंबई बेटावरच्या तळ्यांतल्या स्पंजांचं वर्णन १८४९ साली छापलं. युनेपियस कार्टरी या जातीच्या नावात तेच आहेत.

खात्रीसाठी आधी घरचे उपाय. खपलीवर व्हिनेगरचा थेंब टाका. फेस आला तर तो पाण्यातल्या चुन्याचा थर. स्पंजाचा सांगाडा सिलिकाचा, म्हणजे काचेच्याच जातीचा. त्यावर व्हिनेगर काही करत नाही. ओला भाग चिमटीत ओढून बघा. शेवाळाचे धागे निघतात किंवा ते बुळबुळीत सरकतं. स्पंज तुटतो आणि बारीक वाळूसारखा कचकचतो.

दाणे म्हणजे जेम्यूल, ज्यांतून नवा स्पंज उगवतो ते. साधारण अर्ध्या मिलिमीटरचे. माशांची अंडी वाळली की सुरकुततात, जेम्यूल गोलच राहतात. दहा पट भिंगाखाली एका बाजूला छोटं बोंड किंवा भोक दिसतं, अंकुर तिथूनच बाहेर येतो. दाणे चपटे, बटणासारखे, कडेला वेगळ्या रंगाची कडी असलेले निघाले तर ते ब्रायोझोआचे स्टॅटोब्लास्ट, म्हणजे त्यांचे जेम्यूलसारखेच दाणे. तोही प्राणीच, पण स्पंज नव्हे. ब्रायोझोआ त्याच फांदीवर स्पंजाला लागून वाढतात, त्यामुळे एका चुऱ्यात दोन्ही सापडणं नेहमीचं.

खाज येते ती स्पिक्यूलमुळे. ही दोन्ही टोकांना अणकुचीदार अशी काचेची सुई, मिलिमीटरचा चौथा हिस्सा वगैरे लांबीची. वाळलेली खपली चुरताना नाकातोंडाला फडकं बांधा, वाऱ्याकडे पाठ करा आणि हात धुतल्याशिवाय डोळा चोळू नका. ब्राझीलमध्ये गोड्या पाण्यातल्या स्पंजाच्या स्पिक्यूलमुळे लोकांच्या डोळ्यांना इजा झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत.

केळीचा_घड

एक बाळबोध शंका. अंघोळीचा स्पंज आणि हा एकच का? आमच्याकडे वाळलेलं गिलकंही स्पंज म्हणूनच विकतात.

सूक्ष्मदर्शी

गिलकं ही वनस्पती. आपण वापरतो ती त्या फळातली वाळलेली जाळी. अंघोळीचा खरा स्पंज समुद्रातला. त्याच्यात काचेच्या सुया नसतात, स्पाँजिन नावाच्या प्रथिनाचे लवचीक धागे असतात, म्हणून तो अंगाला लावता येतो. धरणातला स्पंज अंगाला लावला तर कातडी सोलवटेल. ॲमेझॉनच्या खोऱ्यातले कुंभार मात्र असल्याच स्पंजाची राख मातीत कालवतात. सुयांमुळे भांड्याला चीर जात नाही.

पांझराकाठ

स्पंज कसा जगतो ते समजायला आपली फड पद्धत डोळ्यांसमोर आणा. बंधाऱ्याचं पाणी पाटात येतं, पाटातून चाऱ्यांत, चाऱ्यांतून सारंगात, सारंगातून वाफ्यात. पाटात पाण्याला ओढ असते. वाफ्यात ते पसरून जवळजवळ थांबतं आणि जमिनीत मुरतं. उरलेलं पुन्हा एकत्र होऊन नदीकडे निघतं.

स्पंजाच्या अंगात हेच होतं. पृष्ठभागावरच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी आत येतं, नळ्यांना फाटे फुटत जातात आणि शेवटी ते गोल कप्प्यांत पोहोचतं. कप्पा जेमतेम ३०-४० मायक्रॉनचा. त्याच्या भिंतीत कॉलर पेशी असतात: मध्ये हलणारं एक शेपूट आणि भोवती तीस-चाळीस बारीक दांड्यांची कॉलर, खुरासणीच्या फुलाभोवती पाकळ्या असाव्यात तशी. शेपटाच्या फटक्यानं पाणी ओढलं जातं आणि कॉलरच्या फटींत जिवाणू अडकतात. एक कप्पा इवलासा, पण असे असंख्य कप्पे. सगळ्यांचा मिळून वाहण्याचा छेद मुख्य नळीच्या कितीतरी पट होतो, म्हणून कॉलरपाशी पाणी संथ होतं आणि घास टिपायला वेळ मिळतो. पुढे नळ्या जुळत जातात, छेद कमी होतो, आणि वरच्या मोठ्या तोंडातून, म्हणजे ऑस्क्युलममधून, पाणी जोरानं बाहेर फेकलं जातं. वापरलेलं पाणी पुन्हा आत येऊ नये इतक्या लांब ते गेलं पाहिजे, हा त्या जोराचा उपयोग.

पाणी एका बाजूनं आत आणि दुसरीकडून बाहेर जातं हे रॉबर्ट ग्रँट यांनी १८२५ च्या सुमारास काचेच्या बशीत स्पंज ठेवून, तरंगणाऱ्या कणांवर नजर ठेवून दाखवलं. स्पंज वनस्पती की प्राणी हा वाद तोवर मिटला नव्हता.

केळीचा_घड

आता माझा खरा प्रश्न. धरणाच्या बॅकवॉटरवर मोटार आहे, फुटव्हॉल्व्हच्या जाळीवर हीच खपली चढते. ठिबकच्या नळ्यांना ॲसिड दिलं तरी पुढच्या वर्षी हाल तेच.

जलजीव

ॲसिड चुन्याचे क्षार विरघळवतं. सिलिकावर त्याचा परिणाम नाही, म्हणून स्पंजाच्या बाबतीत ॲसिड वाया. मांसल भाग क्लोरिननं मरतो. ठिबकला नेहमीचं प्रमाण: सतत द्यायचं तर नळीच्या शेवटी १ ते २ पीपीएम मोकळा क्लोरिन मिळाला पाहिजे, अधूनमधून द्यायचं तर १० ते २० पीपीएम अर्धा ते एक तास. त्यानंतर नळ्यांची टोकं उघडून फ्लश कराच, कारण मेलेल्या स्पंजाच्या सुया मोकळ्या होतात आणि ड्रिपरच्या वाटेत जाऊन बसतात. ॲसिड आणि क्लोरिन एकाच दिवशी, एकाच टाकीतून देऊ नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरिन वायू सुटतो आणि तो जीवघेणा आहे.

पण मुळावर घाव घालायचा तो फुटव्हॉल्व्हवर. पाणी खाली गेलं की जाळी बाहेर काढा, खपली खरवडा आणि तो चुरा तिथंच काठावर झटकू नका. त्यात हजारो जेम्यूल असतात, पाणी चढलं की पुन्हा उगवतात. चुरा लांब खड्ड्यात पुरा. १२० मेशचा फिल्टर सुमारे १३० मायक्रॉनवर अडवतो, म्हणजे अखंड जेम्यूल त्यातून जात नाहीत. वाढ होते ती फिल्टरच्या अलीकडे, सक्शन पाइपात आणि जाळीवर.

जलजीव

धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. जेम्यूल उगवणं अवघड नाही, स्वच्छता मात्र कडक हवी.

खपली कागदाच्या पाकिटात आणा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. ओल राहिली की बुरशी धरते. पांढऱ्या ताटलीत पाणी घेऊन त्यात खपली मऊ रंगब्रशनं चुरा आणि बोथट सुईनं जेम्यूल वेगळे करा. भोवतीचा जुना सांगाडा जितका निघेल तितका काढा, बुरशी त्याच्यावरच सुरू होते. वाळलेले जेम्यूल तरंगतील, घाबरू नका. कवचात हवेच्या पोकळ्यांचा थर असतो, वाऱ्या-पाण्याबरोबर दूर जायला तो कामी येतो. गाळणीच्या जाळीखाली दाबून एक-दोन दिवस ठेवले की हवा निघते आणि ते बुडतात. तरीही तरंगणारे बहुधा पोकळ. फोडून बघा: जिवंत जेम्यूलमधून दाट पिवळसर-पांढरं द्रव्य येतं.

मग निर्जंतुकीकरण. औषधाच्या दुकानात ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. १० मिलिलिटर घेऊन त्यात ५० मिलिलिटर उकळून गार केलेलं पाणी घाला, म्हणजे १ टक्का होतं. जेम्यूल त्यात पाच मिनिटं. जास्त नको. नंतर स्वच्छ पाण्याच्या तीन आंघोळी.

पाणी कोणतं, इथं बहुतेकांचं गणित चुकतं. नळाच्या पाण्यात क्लोरिन. आरओच्या पाण्यात सिलिका नाही. पेशी बाहेर येतात, पण सुया बनत नाहीत आणि स्पंज पापुद्र्यासारखा सपाट राहून मरतो. प्रयोगशाळेत वापरतात ते माध्यम असं: एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट १४७ मिलिग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट (सात पाण्याचं) १२३ मिलिग्रॅम, खाण्याचा सोडा ४२ मिलिग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड साधारण ४ मिलिग्रॅम आणि सोडियम मेटासिलिकेट (नऊ पाण्याचं) ७१ मिलिग्रॅम. सिलिकेट आधी थोड्या पाण्यात वेगळं विरघळवा आणि सगळ्यात शेवटी घाला, नाहीतर गढूळपणा येतो. सिलिकेटमुळे पाणी अल्कधर्मी होतं, विरळ हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या थेंबांनी सामू ७.५ च्या आसपास आणा. शाळेत एवढी रसायनं नसतील तर जिथून खपली घेतली तिथलंच पाणी कॉफी फिल्टरमधून गाळून, उकळून, गार करून वापरा. बेसॉल्टमधून आलेल्या आपल्या पाण्यात सिलिका असतेच.

पेट्री डिशमध्ये कव्हरस्लिप ठेवा, तिच्यावर एक जेम्यूल सोडा आणि पुढचे दोन-तीन दिवस डिशला धक्का लावू नका. २० ते २५ अंश तापमानाला दोन ते चार दिवसांत भोकातून पेशींचा पांढुरका लोट बाहेर येतो आणि काचेवर पसरतो. पाचव्या ते सातव्या दिवशी मधोमध पारदर्शक धुराडं उभं राहतं, ते ऑस्क्युलम. इथून पुढे एक दिवसाआड अर्धं पाणी बदला.

गिरणाकाठ

फार उपयोगी. पण आपल्याकडे एप्रिलमध्ये खोलीतच ३८-४० अंश असतात. फ्रिजमध्ये ठेवायचे का?

जलजीव

फ्रिजमध्ये उगवण थांबते. दोन उपाय. सोपा म्हणजे खपली कागदात, सावलीत, कोरडी ठेवून दिवाळीनंतर प्रयोग करा. युरोपातले स्पंज जेम्यूल करतात ते हिवाळ्यातून तरायला, आपल्याकडचे उन्हाळ्यातून तरायला. कोरडं राहणं त्यांच्या रोजच्या जगण्यातलंच आहे. आत्ताच करायचं असेल तर पसरट परातीत ओली वाळू भरा, डिश झाकून तिच्यात अर्धी रोवा आणि परात पाझरत्या माठाच्या तिवईखाली ठेवा. थर्मामीटर लावा. २८ च्या वर पारा गेला तर जिवाणू स्पंजापेक्षा वेगानं वाढतात आणि पाणी दुधाळ होतं. दुधाळ झालं की ती डिश गेली, वाचवत बसू नका.

बिघडण्याची आणखी दोन कारणं. डिशमध्ये भराभर पळणारे सिलिएट (केसाळ एकपेशीय जीव) दिसले तर पेरॉक्साइडची आंघोळ अपुरी झाली. ते पसरणाऱ्या पेशींची कड खातात. आणि खाणं जास्त दिलं तर. पहिला आठवडा काहीच देऊ नका, जेम्यूलमधल्या पेशी पिवळ बलकाच्या चकत्यांनी भरलेल्या असतात, ती शिदोरी पुरते. नंतर तळ्याच्या गाळलेल्या पाण्याचे काही थेंब बस. यीस्ट आणि दुधाचे थेंब टाकून डिश सडवू नका.

पांझराकाठ

प्रवाह बघायचा तर चित्रकलेची काळी इंडियन इंक घ्या. शंभर पट पातळ करून एक थेंब कडेला सोडा. काही मिनिटांत कप्पे काळ्या ठिपक्यांसारखे उठून दिसतात आणि ऑस्क्युलमच्या तोंडातून काळपट धार निघते. शिक्का मारायची शाई नको, तिच्यात ग्लिसरीन आणि विरघळणारा रंग असतो.

शाई जरा जास्त झाली तर स्पंज 'शिंकतो'. आधी नळ्या फुगतात, मग सगळं अंग आवळलं जातं आणि आतला गाळ बाहेर फेकला जातो. हे डोळ्यांना दिसत नाही इतकं संथ चालतं, म्हणून मोबाइल भिंगाला टेकवून दर अर्ध्या मिनिटाला एक फोटो, असे तासभर घ्या आणि जोडून बघा. मज्जातंतू एकही नाही, स्नायू एकही नाही, आणि तरी हे. ग्लुटामेटनंही हीच शिंक येते. आपल्या मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला जो रेणू वापरतात तोच.

सूक्ष्मदर्शी

जात ओळखायची असेल तर स्पिक्यूलची स्लाइड लागेल. पुस्तकांत नायट्रिक ॲसिडमध्ये उकळा असं लिहिलेलं असतं. वाफा ओढून घेणारं प्रयोगशाळेतलं कपाट (फ्यूम हूड) नसेल तर ते करू नका. मसुराएवढा तुकडा, जेम्यूलसकट, छोट्या काचनळीत घ्या आणि बुडेल इतकं घरगुती ब्लीच घालून रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी पांढरी भुकटी दिसेल. ब्लीच वरच्यावर काढून पाणी घाला, अर्धा तास निवळू द्या, पुन्हा काढा. असं पाच वेळा. घाईनं ओतलं तर सगळ्यात बारीक सुया वाहून जातात, आणि ओळख नेमकी त्यांच्यावर अवलंबून असते. शेवटी थेंब स्लाइडवर वाळवून ४०० पटीत बघा.

लांब सुया सांगाड्याच्या. त्यांच्यावरून फारसं ठरत नाही. जेम्यूलच्या कवचातल्या लहान सुया बघा. अक्षाच्या दोन्ही टोकांना दातेरी चकती, बैलगाडीच्या कण्याला दोन चाकं असावीत तशी, ही एफिडेशियाची खूण. वाकड्या, काटेरी दांड्या असतील तर स्पाँजिला. गुळगुळीत दांड्या आणि कवचात मधमाशीच्या पोळ्यासारखे षट्कोनी कप्पे असतील तर युनेपियस कार्टरी. स्लाइडवर नक्षीदार होड्या, गोल डब्या दिसल्या तर ते डायटम, म्हणजे एकपेशीय शेवाळ. त्यांचंही कवच सिलिकाचं, ब्लीचमधून तेही वाचतं. अनेक जण त्यांनाच स्पिक्यूल समजून चित्र काढतात.

आदिपेशी

आता तिसरा प्रश्न. तो मला सगळ्यात जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर.

अनेक पेशींनी मिळून एक शरीर करणं ही घटना सजीवांत किमान पंचवीस वेळा स्वतंत्रपणे घडली असा अंदाज आहे. वनस्पती, बुरशी, तपकिरी शेवाळं, सगळे वेगवेगळ्या वाटांनी तिथं पोचले. प्राण्यांची वाट मात्र एकच. आज जिवंत असलेल्या एकपेशीयांपैकी प्राण्यांचे सगळ्यात जवळचे भाऊबंद म्हणजे कोॲनोफ्लॅजेलेट. एक शेपूट, भोवती कॉलर, खाणं जिवाणू. स्पंजाच्या कॉलर पेशीशी त्यांचं साम्य हेन्री जेम्स-क्लार्क यांनी १८६० च्या दशकातच टिपलं होतं. तुमच्या धरणातल्या पाण्यातही ते असतात. काचेची स्लाइड दोऱ्यानं बांधून आठवडाभर पाण्यात लोंबकळत ठेवा, मग १००० पटीत बघा.

२००८ साली मोनोसिगा ब्रेव्हिकॉलिस या कोॲनोफ्लॅजेलेटचा जीनोम वाचला गेला. सुमारे ९२०० जनुकं, आणि त्यांत २३ जनुकं कॅडहेरिन कुळातली. कॅडहेरिन म्हणजे आपल्या शरीरात पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं प्रथिन. एकटं राहणाऱ्या जीवाला ते कशाला? बहुधा जिवाणू धरायला, पृष्ठभागाला चिकटायला. म्हणजे शरीर बांधायची हत्यारं शरीराच्या आधीपासून घरात होती, दुसऱ्या कामाला.

सॅल्पिंगिका रोझेटा ही दुसरी जात त्याहून बोलकी. एरवी एकटी राहते, पण एका विशिष्ट जिवाणूनं सोडलेला मेदयुक्त रेणू मिळाला की विभागलेल्या पेशी वेगळ्या न होता गुलाबाच्या फुलासारखा गोळा करतात. 'वेगळ्या न होता' हे शब्द ध्यानात ठेवा. विखुरलेल्या पेशी इथं जमत नाहीत. एकाच पेशीच्या लेकी एकमेकींना सोडत नाहीत.

शंकेखोर

पण स्पंजाच्या पेशी तर जमतातच ना? एच. व्ही. विल्सन यांनी १९०७ साली स्पंज रेशमी कापडातून पिळून पेशी सुट्या केल्या आणि त्या पुन्हा एकत्र येऊन स्पंज झाला. मग प्राण्यांची सुरुवात अशाच जमण्यातून झाली असं का म्हणू नये?

आदिपेशी

प्रयोग खरा आहे आणि तुमच्या डिशमध्येही होतो. तुरीच्या डाळीएवढा ताजा स्पंज स्क्रीन प्रिंटिंगच्या बारीक नायलॉन जाळीत बांधून माध्यमात पिळा. गढूळ पाणी तासाभरात गुठळ्या धरतं, दुसऱ्या दिवशी गुळगुळीत गोळे दिसतात, आणि पाणी रोज बदललं तर काही दिवसांत त्यांतले काही काचेला चिकटून पुन्हा पाणी ओढू लागतात. कॅल्शियम नसेल तर गुठळ्या होतच नाहीत. माध्यमातून कॅल्शियम क्लोराइड वगळून शेजारी दुसरी डिश लावली की फरक समोर दिसतो.

पण त्यावरून काढलेला तुमचा निष्कर्ष मला मान्य नाही. तो स्पंज मुळात एका फलित अंड्यापासून झालेला होता. तुम्ही सुट्या केलेल्या पेशी सगळ्या एकाच वंशाच्या. जखम भरून येण्याचाच हा टोकाचा प्रकार. परक्या पेशी जमून शरीर करायचं म्हटलं तर अडचण वेगळीच: प्रत्येकीला पुढच्या पिढीत आपला वंश जावा असं हवं, मग बाकीच्यांसाठी आयुष्यभर पाणी ओढत कोण बसणार? सगळ्या एकाच पेशीच्या लेकी असतील तर हा तंटा उरत नाही. स्लाइम मोल्ड जमून शरीर करतात आणि तिथं फुकटखाऊ वाण सापडतात.

याची परीक्षा जेम्यूलवर घेता येते. एकाच खपलीतले दोन जेम्यूल तीन मिलिमीटर अंतरावर ठेवा. उगवून कडा भिडल्या की दोन्ही एकजीव होतात. आता एक जेम्यूल एका खोडावरचा आणि दुसरा किलोमीटरभर लांबच्या खोडावरचा घ्या. वंश वेगळे असतील तर कडा भिडतात, थांबतात आणि मध्ये सीमारेषा राहते. आप-पर ओळखणं इतकं जुनं आहे. निदान पाच-पाच जोड्या लावा, कारण लांबची दोन खोडंही एकाच वंशानं व्यापलेली असू शकतात.

शंकेखोर

पटलं, अर्धंच. कोॲनोएका फ्लेक्सा ही कुरासाओ बेटावरच्या खडकांतल्या डबक्यांत मिळालेली कोॲनोफ्लॅजेलेटची जात विभागूनही वसाहत करते आणि जमूनही. डबकी आटतात, भरतात. पटकन वसाहत उभी करायला जमणं कामी येतं. तेव्हा वाट एकच होती असं ठासून सांगू नये.

आणि 'कॉलर पेशी म्हणजे कोॲनोफ्लॅजेलेटच' हेही सरळ नाही. २०१९ साली ॲम्फिमेडॉन क्वीन्सलँडिका या समुद्री स्पंजाच्या पेशींत कोणती जनुकं चालू असतात ते तपासलं, तेव्हा कॉलर पेशी कोॲनोफ्लॅजेलेटच्या सगळ्यात जवळ निघाल्या नाहीत. आर्किओसाइट, म्हणजे कोणतंही रूप घेऊ शकणाऱ्या भटक्या पेशी, एकपेशीयांच्या जास्त जवळच्या दिसल्या.

आदिपेशी

दोन्ही मुद्दे रास्त आहेत. फ्लेक्साबाबत मी 'एकच वाट' मागे घेतो. टिकाऊ शरीरासाठी एका पेशीतून सुरुवात लागते, एवढ्यावर ठाम आहे. आर्किओसाइटचा मुद्दा तर जेम्यूलला तंतोतंत लागू पडतो. जेम्यूलमध्ये भरलेल्या असतात त्याच पेशी. कॉलर पेशी एकही नसते, आणि आठवड्यात सगळ्या प्रकारच्या पेशी त्यांतूनच घडतात. स्पाँजिला लॅकस्ट्रिसमध्ये २०२१ साली १८ प्रकारच्या पेशी वेगळ्या ओळखल्या गेल्या. त्यांतल्या एका प्रकारच्या पेशी कप्प्यांत हिंडून कॉलर पेशींना बिलगतात आणि त्यांना संदेश देत असाव्यात असं त्यांच्या जनुकांवरून दिसतं.

आता 'पहिले प्राणी'. हे वाक्य बदलायला हवं. धरणातला स्पंज आपला पूर्वज नाही, तो आपला समकालीन आहे. त्याच्या वंशानंही आपल्याइतकीच वर्षं काढली आहेत. खरा प्रश्न असा: प्राण्यांच्या झाडाची सगळ्यात आधी फुटलेली फांदी कोणाची, स्पंजांची की कंगवा जेलींची (मज्जातंतू असलेले, जेलीसारखे पारदर्शक समुद्री प्राणी)? २००८ पासून जनुकांचे पुरावे दोन्हीकडे ओढत आहेत. २०२३ साली गुणसूत्रांवर जनुकांचे गट कसे मांडलेले आहेत ते ताडून कंगवा जेली आधी, असा निष्कर्ष निघाला. तोही सगळ्यांनी स्वीकारलेला नाही. कंगवा जेली आधी असतील तर मज्जातंतू दोनदा उगवले, किंवा स्पंजांनी ते गमावले. म्हणून हा वाद निव्वळ क्रमांकाचा नाही.

काळा_दगड

जीवाश्मांबद्दल थोडं, कारण जळगावकडच्या खाणींतले स्फटिकांचे गोटे 'स्पंजाचे जीवाश्म' म्हणून दाखवले जातात. भोकाभोकांचा दगड म्हणजे लाव्हातले वायूचे बुडबुडे. त्यांत नंतर झिओलाइट आणि ॲपोफिलाइट भरलं. आपल्या पायाखालचा बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. वादातीत स्पंज-स्पिक्यूल मिळतात ते कँब्रियनच्या सुरुवातीचे, ५३-५४ कोटी वर्षांपूर्वीचे. ओमानच्या खडकांत ६३.५ कोटींहून जुने रेणू मिळाले आणि ते स्पंजाचे म्हणून सांगितले गेले, पण शेवाळांपासूनही तसे रेणू होऊ शकतात असा आक्षेप आहे. २०२१ साली कॅनडाच्या वायव्येकडचे ८९ कोटी वर्षांपूर्वीचे जाळीदार अवशेष स्पंजाचे म्हणून मांडले गेले. त्यावर तर अजून जोरदार वाद चालू आहे. आपल्या बेसॉल्टमध्ये यातलं काही शोधू नका.

गिरणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा खोडांवरून, वेगवेगळ्या अंतरावरून खपल्या घेऊन जोड्यांचा प्रयोग लावायचा आहे. गोळा करताना काय नोंदवू?

सूक्ष्मदर्शी

प्रत्येक खोडाचं पाकीट वेगळं, आणि सुरी प्रत्येक वेळी पुसून घ्या. एक जेम्यूल इकडचा तिकडे गेला तरी जोड्यांचा निकाल फसतो. पाकिटावर शिसपेन्सिलनं लिहा, बॉलपेन ओलीनं पसरतं. तारीख, त्या दिवशीची पाण्याची पातळी, खपली पातळीच्या किती वर होती, लाकूड की दगड, सावलीची बाजू की उन्हाची, आणि मागच्या पाकिटापासूनचं अंतर पावलांत. हिरवा रंग असेल तर तोही लिहा. तो स्पंजात राहणाऱ्या सूक्ष्म शेवाळाचा, दगडाच्या पोटाखाली तोच स्पंज पांढरट निघतो. खोडावरची सगळी खपली सोलू नका, हाताच्या अंगठ्याएवढा तुकडा पुरतो. त्यातच काहीशे जेम्यूल निघतील, आणि उरलेल्यांना जूनमध्ये पाणी चढल्यावर उगवायचं आहे.